मेडिक्लेम नेमका कोणत्या तारखेला संपला?

पत्राचा सारांश : चिपळूण-खेड पट्ट्यातल्या एका वाचक ताईंचे यजमान लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्यात २२ वर्षं प्लांट ऑपरेटर होते. वय ५३. कंपनीने स्वेच्छानिवृत्ती योजना आणली, ती त्यांनी घेतली. ३१ ऑक्टोबर २०२५ हा कामाचा शेवटचा दिवस. सह्या करताना एचआरच्या साहेबांनी तोंडी सांगितलं, "मेडिक्लेम मार्चपर्यंत आहेच, काळजी नको." ९ नोव्हेंबरला छातीत दुखू लागलं, कोल्हापूरला हलवलं, अँजिओप्लास्टी झाली. कार्ड चाललं, कॅशलेसची १ लाख २० हजारांची पहिली मंजुरीही आली. १२ तारखेला डिस्चार्जच्या वेळी मात्र टीपीएने, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेने, कळवलं की सभासदाचं नाव ३१ ऑक्टोबरपासून वगळलं आहे, मंजुरी रद्द. २ लाख ८५ हजारांचं बिल दागिने तारण ठेवून भरलं. कंपनी म्हणते विमा कंपनीला विचारा, विमा कंपनी म्हणते तुमच्या कंपनीला विचारा. सासू-सासऱ्यांच्या विम्याचे वर्षाचे २२,८०० रुपये एप्रिलच्या पगारातून एकदम कापले होते, ते वेगळंच. अमेरिकेतला भाचा सांगतो, नोकरी सुटली तरी १८ महिने विमा चालू ठेवायचा कायदा आहे, केस करा. दीर म्हणतात, धाकटा मुलगा त्याच कंपनीत कंत्राटदाराकडे कामाला आहे, एचआरचे साहेबही आपल्याच गावचे, गप्प बसा. "केस करू की सोडून देऊ?" असं ताई विचारतात.

ताई, केस करायची की नाही ते जरा बाजूला ठेवू. पत्रावरून असं दिसतं की अजून दावाच दाखल झालेला नाही. डिस्चार्जच्या काउंटरवर जे नाकारलं गेलं ती कॅशलेसची सोय होती, म्हणजे विमा कंपनीने हॉस्पिटलला परस्पर पैसे द्यायची सोय. ती नाकारली म्हणून दावा फेटाळला असं होत नाही. तुम्ही स्वतः बिल भरलंत, आता ते पैसे परत मागायचा, म्हणजे रीइम्बर्समेंटचा, अर्ज टीपीएकडे जायला हवा. त्यावर लेखी नकार आला तरच पुढची दारं उघडतात. बहुतेक घरांत नेमकं इथेच थांबतात. फोनवर भांडतात, एचआरच्या केबिनबाहेर बसून राहतात आणि अर्ज राहून जातो.

अर्जाची मुदत पॉलिसीत बहुधा डिस्चार्जपासून १५ ते ३० दिवसांची असते, ती तुमची उलटून गेली आहे. तरी भरा. केवळ उशीर झाला एवढ्यावरून खरा दावा फेटाळू नये, हे विमा नियामकाने, म्हणजे इर्डाने, २०११ पासून विमा कंपन्यांना बजावलेलं आहे. उशिराचं कारण दोन ओळींत लिहा : कॅशलेस मंजूर होऊन रद्द झालं, कोणाकडे जायचं ते दोन्हीकडून सांगितलं गेलं नाही. सोबत डिस्चार्ज समरीची मूळ प्रत, खर्चाची फोड असलेलं अंतिम बिल, पैसे भरल्याच्या पावत्या, ईसीजी, अँजिओग्राफीची सीडी, औषधांची बिलं आणि त्यांच्या चिठ्ठ्या, रद्द केलेला चेक, आधार आणि पॅन. अँजिओप्लास्टीत आणखी एक कागद हमखास राहतो : स्टेंटच्या खोक्यावरचं बारकोडचं स्टिकर. हॉस्पिटल ते केसपेपरवर चिकटवतं आणि एक रुग्णाला देतं. ते नसेल तर स्टेंटच्या खरेदी बिलाची प्रत मागून घ्या, नाहीतर त्या एका कागदासाठी फाइल महिनाभर 'क्वेरी'त पडून राहते. स्टिकर हातात आलं की बिलातली स्टेंटची किंमतही पडताळून पाहा. २०१७ पासून स्टेंटच्या किमतीला सरकारी कमाल मर्यादा आहे.

पहिली मंजुरी आल्याचा एसएमएस किंवा पत्र सगळ्यात जपून ठेवा. मोबाईल बदलायच्या आधी स्क्रीनशॉट काढा. हॉस्पिटलच्या टीपीए डेस्ककडे त्या मंजुरीची छापील प्रत असते, तीही मागा. ती का लागणार ते पुढे येईलच.

आता भाच्याचं म्हणणं. तो खोटं सांगत नाही, पण तो सांगतोय तो अमेरिकेचा कायदा. १९८५ चा तो कायदा तिथे 'कोब्रा' म्हणून ओळखतात. २० किंवा जास्त कामगार असलेल्या कंपनीतून नोकरी सुटली की साधारण १८ महिने तोच गट विमा चालू ठेवता येतो. निर्णय घ्यायला ६० दिवस मिळतात आणि हप्ता पूर्ण आपल्या खिशातून भरायचा, कंपनीचा वाटाही आपणच, वर २ टक्क्यांपर्यंत व्यवस्थापन खर्च. आपल्याकडे असा कायदा नाही. आपल्याकडे आहे तो वेगळा हक्क, त्याचं नाव मायग्रेशन. त्याच्याकडे नंतर येऊ.

तुमच्या पत्रात एक वाक्य दोनदा आलंय : "आमच्या पगारातून पैसे कापले, म्हणजे विमा आमचाच." इथे थोडं थांबायला हवं. गट विम्यात पॉलिसीधारक कंपनी असते. करार कंपनी आणि विमा कंपनी यांच्यात होतो, कामगार आणि त्याचं कुटुंब हे त्यातले सभासद. तुमचे यजमान कामगार होते म्हणून त्या यादीत होते. कामगार असणं संपलं की यादीत राहण्याचं कारणही संपतं, आणि बहुतेक पॉलिसींच्या अटींत तसं स्वच्छ लिहिलेलं असतं. पगारातून कपात झाली तरी मालकी बदलत नाही. पण त्या कपातीतून दुसरे हक्क उभे राहतात, आणि ते कमी नाहीत.

एचआरच्या साहेबांनी मुद्दाम फसवलं, असंही मी लगेच म्हणणार नाही. "मेडिक्लेम मार्चपर्यंत आहे" हे पॉलिसीपुरतं खरं आहे, ती १ एप्रिल ते ३१ मार्च अशीच चालते. पॉलिसी मार्चपर्यंत आणि तुमचं नाव मात्र ऑक्टोबरपर्यंत, हा फरक सह्यांच्या गडबडीत कोणी सांगितला नसेल. मात्र स्वेच्छानिवृत्तीची योजना जाहीर करताना कंपनीने जे पत्रक लावलं होतं ते काढून वाचा. अशा योजनांत 'वैद्यकीय विमा चालू पॉलिसी वर्षाच्या अखेरीपर्यंत' असं कलम घालायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. तसं कलम असेल तर सगळं चित्र पालटतं. मग नाव वगळणं हीच कंपनीची चूक ठरते आणि ती दुरुस्त करून घेण्याची जबाबदारीही तिचीच. युनियनचा वेतन करार लागू असेल तर त्यातलं मेडिक्लेमचं कलमही पाहा. युनियनच्या ऑफिसात त्याची प्रत मिळते. तोंडी शब्दाचं वजन कमी, पण शून्य नाही. त्या दिवशी सोबत योजना घेतलेल्या आणखी दोघांना साहेबांनी तेच सांगितलं असेल, तर तिघांनी तसं लिहून, तारीख घालून सही करून ठेवावं.

हे पत्रक तुमच्या बाजूचं निघालं नाही असं धरून चालू. तरीही तुमच्या प्रकरणात लढण्यासारखं बरंच आहे, कारण तारखांमध्ये गोम आहे.

नाव वगळण्याची रीत अशी असते. एचआर महिन्यातून एकदा आलेल्या आणि गेलेल्या कामगारांची एक्सेल यादी ब्रोकरला मेल करतं. ब्रोकर ती विमा कंपनीला पाठवतो. विमा कंपनी एन्डोर्समेंट काढते, म्हणजे पॉलिसीला जोडलेलं दुरुस्तीपत्र. मग टीपीएच्या संगणकात नाव जातं आणि कार्ड बंद पडतं. ऑक्टोबरअखेर गेलेल्यांची यादी नोव्हेंबरच्या १० तारखेला जाणं यात नवल काही नाही. ९ तारखेला कार्ड चाललं आणि १२ तारखेला बंद झालं, यावरून दिसतं की यादी या तीन दिवसांतच कधीतरी पोचली आणि वगळणं मागच्या तारखेपासून धरलं गेलं.

म्हणून चार गोष्टी लेखी मिळवा : वगळण्याच्या यादीचा मेल कंपनीने कोणत्या दिवशी पाठवला, एन्डोर्समेंट कोणत्या दिवशी निघाली, तिच्यात वगळणं कोणत्या तारखेपासून लिहिलंय, आणि हप्त्याचा परतावा कोणत्या तारखेपासून मोजला. खरा जीव चौथ्या गोष्टीत आहे. सभासद मध्येच वगळला की उरलेल्या दिवसांचा हप्ता विमा कंपनी मालकाच्या खात्यात परत जमा करते. एचआरवाले त्याला सीडी खातं म्हणतात, आगाऊ ठेवीचं. परतावा १२ नोव्हेंबरपासूनचा मोजला असेल, तर ९ तारखेचा हप्ता विमा कंपनीने ठेवून घेतलाय. जोखमीचे पैसे ठेवायचे आणि जोखीम नाकारायची, हे विमा लोकपालांपुढे, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्यापुढे, टिकणं कठीण. आणखी एक गंमत असते. ज्या सभासदावर त्या वर्षात दावा आलाय त्याचा हप्ता परत मिळत नाही, अशी अट गट पॉलिसीत सर्रास असते. तुमच्या यजमानांच्या नावावर 'दावा नोंद आहे' म्हणून परतावा दिला नाही, आणि तोच दावा 'सभासद नाही' म्हणून नाकारला, असं निघालं तर विमा कंपनीची दोन कागदपत्रं एकमेकांविरुद्ध बोलतात. असे प्रकार घडतात, कारण ही दोन कामं दोन वेगळ्या टेबलांवर होतात.

परतावा १ नोव्हेंबरपासून मोजला असेल तर बाजू कमकुवत होते, हेही सांगायला हवं. तेव्हा विमा कंपनी म्हणेल की नोकरी संपली त्या मध्यरात्री संरक्षण संपलं, कळवायला उशीर कोणी केला याच्याशी आमचा संबंध नाही, संगणकात नाव दिसत होतं म्हणून मंजुरी दिली गेली. हा मुद्दा अगदीच पोकळ नाही. त्यावर तुमचं उत्तर असं की मंजुरी पाहून तुम्ही त्या हॉस्पिटलात उपचार सुरू ठेवले. ती पहिल्याच तासाला नाकारली असती तर महात्मा फुले योजनेत असलेल्या हॉस्पिटलात हलवता आलं असतं आणि खर्च वाचला असता. म्हणूनच मंजुरीची वेळ छापलेला कागद लागतो. हमखास जिंकाल असं कोणी वकिलाने सांगितलं तर त्याच्यापासून जपून राहा.

आणि नोटीशीचा पगार मिळाला असेल तर त्यावर भिस्त ठेवू नका. महिन्याचा नोटीस पगार हातात पडला म्हणून नोकरीची तारीख महिनाभर पुढे सरकत नाही. रिलीव्हिंग लेटरवर जी तारीख आहे तीच धरली जाते. ते पत्र मात्र एकदा नीट पाहा. मिळालेल्या रजा संपवून मग मुक्त केलं असेल तर कधी कधी तारीख पुढची असते, आणि हे घरच्यांच्या लक्षातच येत नाही.

दिरांच्या काळजीबद्दल. लोट्याला कारखाने मोजके, एचआरचा माणूस गावचा, मुलगा कंत्राटावर. ही भीती खोटी म्हणून उडवून लावणं सोपं, पण मुलाचं नाव उद्या कंत्राटदाराने गेटपासच्या यादीतून गाळलं तर भावकीतलं कोणी पगार देणार नाही. पण दीर आणि भाचा दोघंही एक गोष्ट धरून चालले आहेत : भांडण कंपनीशीच आहे. पहिल्या टप्प्यात ते तसं नाहीच. दावा विमा कंपनीवर, तक्रार विमा कंपनीवर. कंपनीकडून तुम्हाला हवेत फक्त तारखांचे कागद. शत्रू म्हणून मागायला गेलात तर मिळणार नाहीत, म्हणून पत्र साधं ठेवा. असं :

"माननीय साहेब, मी आपल्या कंपनीतून दि. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी स्वेच्छानिवृत्ती घेतली. माझा दि. ९ ते १२ नोव्हेंबरच्या उपचारांचा दावा विमा कंपनीकडे दाखल करत आहे. त्यासाठी पुढील माहिती मिळावी ही विनंती : गट पॉलिसीचा क्रमांक व अटींची प्रत, माझं नाव वगळण्याबाबत आपण पाठवलेल्या ईमेलची तारीख, त्याबाबतच्या एन्डोर्समेंटची प्रत, माझ्या व कुटुंबीयांच्या हप्त्याच्या परताव्याचा तपशील. वगळण्याच्या तारखेत काही चूक झाली असल्यास आपण विमा कंपनीला दुरुस्तीसाठी कळवावं."

शेवटचं वाक्य गाळू नका. मालकाने स्वतः लिहिलं तर तारीख दुरुस्तीची एन्डोर्समेंट निघू शकते, आणि गावच्या साहेबांना तुमच्यासाठी खरंच काही करायचं असेल तर ते हेच. पत्र यजमानांच्या नावाने, त्यांच्या सहीने जाऊ द्या. ईमेलही करा आणि स्पीड पोस्टही, आणि पोस्टाच्या पावतीसोबत पत्र पोचल्याच्या ऑनलाइन नोंदीची प्रिंट काढून ठेवा. काही दिवसांनी ती नोंद संकेतस्थळावरून निघून जाते.

पुढचा रस्ता लांब आहे, पण सरळ आहे. दाव्यावर लेखी नकार आला की विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. टीपीएकडे नव्हे, कारण टीपीए हा मध्यस्थ, निर्णय विमा कंपनीचा. तीच तक्रार इर्डाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवरही टाका, किंवा १५५२५५ वर फोन करून नोंदवा. त्याने नोंद क्रमांक मिळतो आणि विमा कंपनीला उत्तर द्यावं लागतं. नकार आला, किंवा एक महिना उत्तरच आलं नाही, तर विमा लोकपाल. रत्नागिरी जिल्ह्यासाठी ते कार्यालय पुण्यात आहे. तक्रार ऑनलाइन करता येते, सुनावणी व्हिडिओवरही होते, त्यामुळे कुंभार्ली घाट चढायलाच हवा असं नाही. फी नाही. वकील चालत नाही, तक्रारदाराने स्वतःच बोलायचं, आणि तुमच्या बाबतीत तक्रारदार तुमचे यजमान. गट पॉलिसीची तक्रार लोकपाल ऐकतात. ५० लाखांपर्यंतचे दावे त्यांच्या कक्षेत येतात. अंतिम नकारापासून एक वर्षाची मुदत आहे. निवाडा विमा कंपनीवर बंधनकारक, तुमच्यावर नाही, म्हणजे मनासारखा झाला नाही तर ग्राहक आयोगाचं दार उघडंच राहतं. उलट क्रमाने गेलात तर हे जमत नाही. ग्राहक आयोगात आधी केस टाकली की लोकपाल त्याच विषयाला हात लावत नाहीत. म्हणून कोणी उत्साहाने आधी केस दाखल करायला निघालं तर त्यांना थांबवा.

रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात कारण घडल्यापासून दोन वर्षांत जाता येतं, आणि २०१९ च्या कायद्यामुळे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. विमा कंपनीचं ऑफिस मुंबईला असलं तरी चालतं. फी दाव्याच्या रकमेवर नसते, भरलेल्या मोबदल्यावर, म्हणजे इथे हप्त्यावर, ठरते. ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी नाही. सभासदाला विमा कंपनीविरुद्ध 'ग्राहक' मानलं जातं. मालकाविरुद्ध मात्र ते अवघड, कारण नोकरीतला वाद हा ग्राहकाचा वाद नव्हे असं मालकाचा वकील पहिल्याच दिवशी म्हणेल. मालकाकडून काही यायचं असेल तर त्याची जागा रत्नागिरीचं सहाय्यक कामगार आयुक्तांचं कार्यालय. तुमचे यजमान ऑपरेटर होते, हे तिथे उपयोगी पडेल. कामगार कोण हे हुद्द्याच्या नावावरून ठरत नाही, प्रत्यक्ष कामावरून ठरतं. 'एक्झिक्युटिव्ह' असं ओळखपत्रावर छापलेला माणूस दिवसभर व्हॉल्व्ह फिरवत असेल तर तो कामगारच. हा टप्पा दिरांच्या भीतीचा आहे, म्हणून तो शेवटी ठेवा. बहुधा तिथवर जावं लागणार नाही.

वाचकांपैकी काहींचं दुखणं थोडं वेगळं असतं : मालकाने पगारातून हप्ता कापला, पण विमा कंपनीकडे भरलाच नाही. जीवन विम्याच्या पगार बचत योजनेत असं झालं होतं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये बसंती देवी प्रकरणात मालकाला आयुर्विमा महामंडळाचा प्रतिनिधी मानून जबाबदारी महामंडळावर टाकली. ते प्रकरण जीवन विम्याचं, गट मेडिक्लेमला जसंच्या तसं लागू होईल असं नाही. पण तुमचीही गत तशीच असेल तर पगाराच्या स्लिपा फेकू नका.

सासू-सासऱ्यांच्या २२,८०० रुपयांकडे या गडबडीत कोणाचं लक्ष गेलेलं नाही. तो हप्ता पूर्ण तुमच्या पगारातला, १ एप्रिल ते ३१ मार्चचा. यजमानांसोबत तेही वगळले गेले, म्हणजे १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या १५१ दिवसांचा परतावा कंपनीच्या खात्यात गेला असणार. दिवसांच्या हिशेबाने तो सुमारे ९,४३० रुपये होतो. त्या वर्षी त्या दोघांच्या नावावर दावा झाला नसेल तर तो तुमचा आहे, अंतिम हिशेबात दिसायला हवा. वरच्या पत्रात 'कुटुंबीयांच्या हप्त्याच्या' हे शब्द त्यासाठीच घातलेत. 'काही येणं बाकी नाही' अशा कागदावर सही झाली असली तरी मागा. ती सही करताना ही रक्कम कोणी दाखवलीच नव्हती.

आता मायग्रेशन. तुमच्यापेक्षा, येत्या महिन्यांत राजीनामा किंवा व्हीआरएस घेणाऱ्या वाचकांना याचा जास्त उपयोग. गटातून बाहेर पडणाऱ्या सभासदाला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा कुटुंबाच्या पॉलिसीत जाण्याची संधी द्यावी, असा इर्डाचा नियम आहे. नव्या पॉलिसीत जुन्या आजारांचा दावा मिळण्याआधी काही काळ थांबावं लागतं, २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने. फायदा असा की गटात काढलेली वर्षं त्या काळातून वजा होतात. तीन वर्षांहून जास्त सलग गटात असलेल्याला मधुमेह-रक्तदाबासाठी पुन्हा थांबावं लागत नाही. पण हे श्रेय गटातल्या विमा रकमेपुरतंच. गटात ३ लाख होते आणि नवीन पॉलिसी १० लाखांची घेतली, तर वरच्या ७ लाखांना नव्याने थांबावं लागतं. आणि विमा कंपनी तब्येत तपासून हप्ता वाढवू शकते, नाकारूही शकते. डोळे झाकून घ्यायलाच हवं अशी सक्ती तिच्यावर नाही. म्हणून अर्ज नोकरीत असतानाच करावा. राजीनाम्याचं पत्र दिलं त्याच आठवड्यात एचआरकडून मागच्या सगळ्या वर्षांचे पॉलिसी क्रमांक आणि तुमचं नाव असलेल्या यादीचा उतारा घ्यावा, नवी पॉलिसी शेवटच्या दिवसाच्या दुसऱ्याच दिवशी सुरू होईल असं पाहावं. एचआर स्वतःहून सांगेल याची वाट पाहू नये. ब्रोकरला या कामाचे पैसे मिळत नाहीत, एचआरला वेळ नसतो.

तुमच्या बाबतीत खंड पडलाय. तरीही त्याच विमा कंपनीकडे मायग्रेशनचा लेखी अर्ज करा आणि कारण सांगा : नाव वगळल्याचं १२ नोव्हेंबरपर्यंत कळवलंच नव्हतं. नकार आला तर तो मुद्दा लोकपालांच्या तक्रारीत दुसरा म्हणून जोडा. मग नवीन पॉलिसी. ती घेताना एजंट म्हणेल, "अँजिओप्लास्टी लिहू नका, पाच वर्षांनी कोणी विचारत नाही." ६० महिने सलग झाल्यावर विमा कंपनीला जुनी माहिती उकरून दावा नाकारता येत नाही हे खरं, पण फसवणूक सिद्ध झाली तर ते संरक्षण नाही, आणि मधल्या ६० महिन्यांत काय? कोल्हापूरची फाइल टीपीएच्या संगणकात आहेच. सगळं लिहा, हप्ता जास्त पडेल. हृदयरुग्णांसाठी वेगळ्या पॉलिसी मिळतात, त्याही पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, एवढा दिलासा.

तोवर घर उघडं ठेवू नका. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता सगळ्या रेशनकार्डधारकांना आहे, पांढरं कार्डही चालतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. योजनेतल्या हॉस्पिटलातच, ठरलेल्या उपचारांसाठी, आणि दाखल होतानाच नोंद व्हावी लागते. बिल भरून नंतर मागता येत नाही. हॉस्पिटलात शिरल्यावर आधी आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं, टेबल विचारायचं, खोलीचा दर नंतर. जवळचं हॉस्पिटल योजनेत आहे का ते १५५३८८ वर कळतं. पत्रात सासऱ्यांचं वय ७४ लिहिलंय, म्हणजे त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड निघेल. ७० वर्षांवरच्या कोणालाही, उत्पन्न कितीही असलं तरी, ५ लाखांचं. आधार आणि मोबाईल घेऊन सेवा केंद्रात जा, याच आठवड्यात.

आणि धाकट्याची पगाराची स्लिप बघा. पगार २१,००० च्या आत असेल आणि ०.७५ टक्के ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, कपात दिसत असेल, तर तो विमेदार आहे आणि त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडील त्याच्या कुटुंबात धरले जातात. उत्पन्नाची अट आहे, व्हीआरएसच्या पैशांचं व्याज त्यात मोजलं जाईल, तेव्हा आधी विचारून घ्या. कपात होते पण त्याला ईएसआयचा क्रमांक दिलेलाच नाही, असं कंत्राटदारांकडे अनेकदा आढळतं. क्रमांक मागायला कुणाशी भांडावं लागत नाही. नोकरी सुटल्यावरही ईएसआय लगेच तुटत नाही. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये किमान ७८ दिवसांची वर्गणी भरली असेल तर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत उपचार मिळतात, आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबर. कंत्राट संपलेल्या पोरांनी कार्ड कपाटात टाकण्याआधी ही तारीख मोजून घ्यावी.